ओळखी वाढवायच्या की आहेत त्या जपायच्या?

एका धाकट्या सहकाऱ्याला प्रश्न पडलाय: मोकळा वेळ लिंक्डइनवर नव्या ओळखी करण्यात घालवावा, की जुन्या सहकाऱ्यांशी संपर्क ठेवण्यात?

नव्या संधीची खबर लागण्यात दूरच्या ओळखी सरस. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हेच दाखवलं. त्यांच्या पाहणीत ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. कारण उघड आहे. रोजच्या माणसांना जे ठाऊक, ते बहुतेक वेळा आपल्यालाही ठाऊक असतं. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरच्या अभ्यासात सर्वाधिक उपयोगी ठरल्या त्या मधल्या ओळखी, अगदी नावापुरत्या नव्हेत. म्हणजे प्रोफाइलवरचा ‘पाचशेहून अधिक’ हा ओळखींचा आकडा मिरवण्यापुरताच.

शिफारशीत मात्र जुन्यांना तोड नाही. ज्याने तुमचं काम जवळून पाहिलंय, तोच तुमच्यासाठी खात्रीने शब्द टाकतो.

मेहनतीचं गणित उलटं. नवी ओळख एका क्लिकवर होते, पण टिकत नाही. जुनी वर्षभरानंतरच्या एका फोननेही ताजी होते. (फक्त गरजेपुरता फोन करणाऱ्याला लोक बरोबर ओळखून असतात.)

क्षेत्र बदलायचं असेल तर नव्या ओळखींवर भर द्या. त्याच क्षेत्रात वरची जागा किंवा स्वतंत्र कामं हवी असतील, तर जुन्यांना फोन लावा. नुकतीच सुरुवात केलेल्यांपुढे हा पेच नाहीच. जपायला आधी ओळखी तर हव्यात!