हातची कोल्हापुरी की मशीनची?

भाच्याचं लग्न तोंडावर आलंय आणि गडी चपलेवर अडलाय. मशीनची चार-पाचशेत येते, हातची हजाराच्या पुढे. पण चप्पल उलटी करून बघ रे. हातच्या चपलेला खिळा नसतो, तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. वादी तुटली तर चांभार पुन्हा शिवून देतो. माझी नऊ वर्षांची आहे. मशीनची रेक्झिनची, चिकटवलेली; डिंक सुटला की संपलं.

त्रास मात्र हातचीतच जास्त. पहिला आठवडा अंगठ्याला चावते, रात्री तेल लावून ठेवावं लागतं. पावसात घातलीस तर भिजून फुगेल, बुरशी धरेल. मशीनची तेवढी बिनधास्त.

पैसा कुठे जातो, हेही बघ. २०१९ साली महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे ‘ही त्याच भागाची’ अशी सरकारी ओळख मिळाली, पण हातचा जोड करायला बसणारी कारागिरांची घरं तीच. चपलेवरची वेणी, गोंडे बहुतेक बायकांच्या हातचे. दुकानातल्या पाटीवर जाऊ नकोस, ‘अस्सल’ सगळेच लिहितात.

लग्नाला आणि पुढे रोज घालायला हातची घे. हळदीत नाचायला किंवा जुलैत कोकणात जायला मशीनची पुरे.