रेसमधून उतरलेला थरोब्रेड: आठ महिन्यांनंतर

पुण्याजवळच्या एका स्थानिक विक्रेत्याकडून घेतलेला, शर्यतीतून निवृत्त झालेला सहा वर्षांचा थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचा घोडा) गेले आठ महिने तबेल्यात आहे. घोडा उत्तम आहे. पण विकणाऱ्याच्या शब्दावर घेण्यासारखा हा प्राणी नाही.

आधी पाय बघायचे. गुडघ्याखाली नळीच्या मागच्या बाजूने अंगठा दाबत खाली न्यायचा, एकदा पाय टेकलेला असताना, एकदा उचलून. ऊब, गाठ किंवा धनुष्यासारखा बाहेर आलेला फुगवटा म्हणजे टेंडनची दुखापत. दोन्ही पाय ताडून बघा. गिऱ्हाईक येण्याआधी पायांवर गार पाणी मारलं की ऊब लपते, म्हणून पाय ओले दिसले तर तासभर थांबा आणि वाळल्यावर पुन्हा हात लावा. मग कडक जमिनीवर दुडकी: दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर झटकलं जातं. वेदनाशामक दिलेलं असेल तर हेही दिसत नाही, म्हणून व्हेटकडून रक्ततपासणी करून घ्या.

सारंगखेडा-अकलूजच्या घोडेबाजारात अंगावरचे केसांचे भोवरे शुभाशुभासाठी बघतात, देवमणी म्हणजे गळ्यावर शुभ भोवरा असलेल्या घोड्याला जास्त भाव येतो. थरोब्रेडच्या पासपोर्टवरही भोवऱ्यांचं रेखाटन असतं, पण ओळख पटवण्यासाठी. ते आणि मायक्रोचिपचा क्रमांक समोरच्या घोड्याशी जुळलाच पाहिजे. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा निगेटिव्ह रिपोर्ट नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. या रोगाला लस नाही, आणि बाधित घोडा कायद्याने मारावा लागतो.

सगळ्यात जास्त चुका चंदीत, म्हणजे खाण्यात होतात. रेसच्या तबेल्यात दाणा भरपूर आणि चारा कमी असतो, त्यामुळे पोटात अल्सर होणं नेहमीचंच. दाणा एकदम तोडायचा नाही, १० ते १४ दिवसांत उतरवत न्यायचा. ४५० किलोच्या घोड्याला रोज ७ ते ९ किलो वाळलेला चारा लागतो, तोही चार-पाच वेळा विभागून. आपल्याकडे सर्रास नेपियर गवत आणि गव्हाचा कोंडा घालतात. नेपियरमधलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, कोंड्यात फॉस्फरस जास्त, आणि हाडं पोकळ व्हायला लागतात. थोडी लसूणघास रोज द्या, शिवाय ३० ग्रॅम मीठ. घोडा पाय आपटत कुशीकडे बघायला लागला आणि लीद थांबली, तर दाणा-चारा काढून घ्या आणि लगेच व्हेटला फोन करा.

सवारी दोन महिने नाहीच. नंतरही लक्षात ठेवायचं की लगाम ताणणं याचा अर्थ याने ‘जोरात पळ’ असाच शिकलेला आहे. घाबरून ओढलंत तर तो आणखी सुटेल. लगाम सैल सोडून गोल फिरवणं हाच इलाज. स्वार चढताना उभं राहणंही याला माहीत नसतं, कारण जॉकीला चालत्या घोड्यावर उचलून बसवतात.

पावसाळ्यानंतर ताप येऊन-जाऊन आणि पोटाखाली सूज दिसली तर ‘सर्रा’ या रक्तातल्या परजीवीच्या रोगासाठी रक्ताची काचपट्टी तपासून घ्या. चावऱ्या माश्यांमुळे हा रोग पसरतो.

खुरांना मात्र घाई चालत नाही. रेसचे ॲल्युमिनियमचे नाल काढून लोखंडी मारले, दर पाच आठवड्यांनी नालबंद येतो. खुराची भिंत पातळ असल्याने खिळा जरा आत गेला तरी घोडा लंगडतो. आठ महिन्यांत नवं, गुळगुळीत खूर वरून चार बोटं उतरलंय, आणि खिळ्यांनी चिरलेला जुना भाग आता टोकाला पट्टीएवढाच उरलाय.