लॉगिन पासवर्ड विसरल्यावर: घरी सोडवावे, दुकानात न्यावे की फॉरमॅट करावे?

नागपूरच्या महाल भागात राहणारे माझे मामा निवृत्त शिक्षक आहेत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी जुनी कागदपत्रे हवी होती, म्हणून त्यांनी कित्येक महिन्यांनी लॅपटॉप उघडला आणि पासवर्ड काही केल्या आठवेना. बर्डीवरच्या एका दुकानात तो नेला, तेव्हा काउंटरवरचा मुलगा झाकण न उघडताच म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो ना काका, तासाभरात घेऊन जा." मामा लॅपटॉप तसाच काखेत घालून परतले. त्यांनी केले ते योग्यच होते, कारण फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवणे, हा या अडचणीवरचा शेवटचा उपाय आहे आणि पुष्कळदा त्याची गरजच पडत नाही. हा आढावा विंडोज असलेल्या संगणकांपुरता आहे.

काहीही करण्यापूर्वी आपण पासवर्ड खरोखरच विसरलो आहोत का, हे तपासावे. मराठी टंकलेखन करणाऱ्यांच्या संगणकावर बहुधा दोन कळफलक बसवलेले असतात आणि लॉगिनच्या पडद्यावर मराठी कळफलक निवडलेला राहिला, तर अचूक पासवर्डही देवनागरीत उमटून चुकीचा ठरतो. पासवर्डच्या चौकटीतील डोळ्याचे चिन्ह दाबून ठेवले की टंकलेली अक्षरे दिसतात, आणि विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की कळफलक बदलतो. विसरला असेल तो केवळ पिन, असेही होते. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, पासवर्ड वेगळा असतो, आणि 'साइन-इन पर्याय' उघडून पासवर्डने आत जाता येते.

यापुढचा निर्णय दोन गोष्टींवर ठरतो: खाते कोणत्या प्रकारचे आहे आणि डिस्क कूटबद्ध, म्हणजे बिटलॉकरने कुलूपबंद आहे का. दुकानदार या दोन गोष्टी न विचारता दर सांगू लागला, तर तो फॉरमॅटचाच दर आहे असे समजायला हरकत नाही.

खाते मायक्रोसॉफ्टचे, म्हणजे ईमेलशी जोडलेले असेल, तर सर्वांत सुरक्षित मार्ग घरीच आणि फुकट उपलब्ध आहे. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर जाऊन 'पासवर्ड विसरलो' हा पर्याय निवडावा आणि नोंदवलेल्या क्रमांकावर किंवा पर्यायी ईमेलवर आलेला कोड भरून नवा पासवर्ड ठेवावा. डिस्कला यात हातही लागत नाही. मात्र नवा पासवर्ड लॅपटॉपने ओळखावा यासाठी तो त्या वेळी इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. मामांचे घोडे नेमके इथेच अडले होते, कारण मधल्या काळात घरच्या वायफायचा पासवर्ड बदललेला होता. शेवटी मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून, लॉगिनच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील नेटवर्कच्या चिन्हातून तो जोडला, तेव्हा काम झाले. नोंदवलेला क्रमांक बंद पडला असेल, तर मार्ग लांबतो. ओळख पटवण्याचा अर्ज भरावा लागतो आणि त्याचे उत्तर साधारण २४ तासांत येते. परंतु द्विस्तरीय पडताळणी सुरू असेल तर हा अर्ज चालत नाही, आणि सुरक्षेची सगळीच माहिती बदलायची झाल्यास ३० दिवस थांबावे लागते. घाई असलेल्या माणसाला हे फार वाटते, पण आत महत्त्वाचा मजकूर असेल तर मी थांबेन.

खाते स्थानिक, म्हणजे त्या यंत्रापुरतेच असेल, तर २०१८ नंतरच्या विंडोज १० मध्ये आणि विंडोज ११ मध्ये तीन सुरक्षा-प्रश्नांची सोय आहे. खाते उघडताना ते भरलेले असतील, तर एकदा चुकीचा पासवर्ड दिल्यावर चौकटीखाली रीसेटचा दुवा दिसतो. प्रश्न भरलेले नसतील आणि घरातील दुसऱ्या कोणाचे प्रशासकीय (अ‍ॅडमिनिस्ट्रेटर) खाते त्याच संगणकावर असेल, तर तेथूनही पासवर्ड बदलता येतो. त्याची थोडी किंमत मोजावी लागते, पण कोणी सांगत नाही: बाहेरून बळेच बदललेल्या पासवर्डमुळे विंडोजच्या स्वतःच्या सोयीने कूटबद्ध केलेल्या फाइली आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वाचता येईनासे होतात. दुकानात पेन ड्राइव्ह लावून पासवर्ड पुसून देतात, त्यालाही हेच लागू आहे, आणि ती युक्ती केवळ स्थानिक खात्यावर व कूटबद्ध नसलेल्या डिस्कवरच चालते.

आपल्याला संगणक नको, फक्त आतल्या फाइली हव्यात, अशी स्थिती असेल, तर मी पासवर्डच्या मागे लागणार नाही. पेन ड्राइव्हवरून उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली सुरू करता येते, ती डिस्कवर काही न बसवता चालते आणि डिस्कवरील फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घेता येतात. इतवारीतल्या व्यापाऱ्याचा टॅलीचा डेटा असा काढून दुसऱ्या यंत्रावरच्या टॅलीत उघडता येतो आणि त्याच दिवशी बिले फाडता येतात. पासवर्डचे मग सावकाश पाहावे.

डिस्क कूटबद्ध असेल, तर वरची निम्मी चर्चा निरुपयोगी ठरते. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केल्यास बहुतेक यंत्रांवर हे कुलूप आपोआप लागते, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट धरून रीस्टार्ट करावे आणि दुरुस्तीच्या पर्यायांतून कमांड प्रॉम्प्ट निवडावा. तेथे ४८ आकडी 'की', म्हणजे कुलूप उघडणारा क्रमांक, मागितली गेली, तर कुलूप आहे. ती की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर जपलेली असते, म्हणून बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदल करण्याआधी ती कागदावर उतरवून घ्यावी, कारण अशा बदलामुळेही संगणक की मागू लागतो. की कुठेच नसेल, तर मायक्रोसॉफ्टलाही ती नव्याने काढून देता येत नाही, मग दुकानदार काहीही म्हणो.

अशा वेळी, किंवा आत राखण्यासारखे काहीच नसेल तेव्हा, फॉरमॅट अगदी रास्त आहे. दुरुस्तीच्या त्याच पर्यायांत 'हा पीसी रीसेट करा' आणि 'सगळे काढून टाका' हे सापडते. मूळ विंडोज अधिकृत असेल तर त्याच मदरबोर्डवर ते पुन्हा आपोआप सक्रिय होते, त्यामुळे एवढ्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. तरीही दुकानात द्यायचेच ठरले, तर पावतीवर 'डेटा राखून' असे लिहून घ्यावे आणि शक्य असल्यास काम होईपर्यंत समोर बसावे. बर्डीवर चहा सगळीकडे मिळतो.