तुटीची शिकवणी: गंगापूर रोडवरील अंदाजपत्रकाचा वर्ग

नाशिकमधील एका छोट्या वाचनालयाचा खजिनदार या नात्याने दर मार्चमध्ये जमाखर्चाची तोंडमिळवणी करताना माझी जी ओढाताण होते, तिच्यावर काही उपाय सापडेल या आशेने मी गंगापूर रोडवरील एका सनदी लेखापालांच्या तीन संध्याकाळच्या वर्गाला गेलो. विश्वस्त संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी भरणाऱ्या या वर्गाचे शुल्क १,२०० रुपये आहे. आयकराच्या कलमांची उजळणी होईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात पहिल्या दोन संध्याकाळी सरांनी शंभर वर्षांपूर्वीच्या विद्यापीठांच्या तिजोऱ्याच आमच्यापुढे उघडल्या.

पहिली संध्याकाळ कलकत्ता विद्यापीठाची होती. १९१७ मध्ये पदव्युत्तर अध्यापन विद्यापीठाने आपल्याकडे घेतले आणि प्राध्यापकांच्या पगाराचा कायमचा बोजा त्याच्यावर आला. उत्पन्नाचा मोठा आधार मात्र परीक्षा शुल्काचा, म्हणजे परीक्षार्थींच्या संख्येबरोबर वरखाली होणारा. असहकाराच्या काळात परीक्षार्थी घटले, शुल्क घटले, पगार मात्र तेवढेच राहिले. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष यांनी लाखो रुपये दिले होते, पण ते विज्ञानाच्या अध्यापनासाठी राखलेले असल्यामुळे इतर विभागांची तूट भरायला त्यांचा उपयोग नव्हता. (आमच्या इमारत निधीत पैसा आणि वीजबिलाला उसनवारी, ही तीच तऱ्हा.) १९२२ मध्ये बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, परंतु हिशेबांवर देखरेख आणि विस्ताराला लगाम अशा अटींसह, कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठाने ते नाकारले. पगार थकलेले असताना असा नकार देणे योग्य की नाही, यावर वर्गात चांगलाच वाद झाला. माझे मत मुखर्जींच्या बाजूने पडले, पण माझ्या शेजारी बसलेल्या एका शाळेच्या चिटणिसांना ते मुळीच पटले नाही, आणि शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सर्वांच्या पगाराची चिंता वाहणाऱ्या माणसाला ते पटू नये हेही मला समजले.

दुसरी संध्याकाळ मला अधिक मोलाची वाटली, कारण ती धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाची होती. १९१६ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाला सरकारी मान्यता नव्हती, त्यामुळे सरकारी अनुदानाचा भरवसाही नव्हता, आणि विद्यार्थिनी इतक्या थोड्या की शुल्कावर संस्था चालणे अशक्य. अशा वेळी कर्व्यांनी वार्षिक वर्गणीदारांना विद्यापीठाच्या कारभारात मताचा अधिकार दिला आणि स्वतः देशभर फिरून पैसा जमवला. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली तेव्हा विद्यापीठाला त्यांच्या मातुःश्री नाथीबाईंचे नाव मिळाले. कॉलेज रोडवरून ‘एचपीटी’ (हंसराज प्रागजी ठाकरसी) महाविद्यालयाच्या पाटीसमोरून रोज जाणाऱ्या नाशिककराला देणगीदाराच्या नावाचे नवल वाटणार नाही; सरांनी मात्र नावापेक्षा व्याजाकडे बोट दाखवले. साडेतीन टक्क्यांनी १५ लाखांचे वर्षाला ५२,५०० रुपये होतात, आणि खर्चाचा आराखडा या आकड्यावर बेतायचा असतो, १५ लाखांवर नव्हे. आमच्या कार्यकारिणीत ठेवीची रक्कम ऐकताच नव्या कपाटांचे ठराव मांडणाऱ्या सभासदांना हे एक वाक्य ऐकवण्यासाठी तरी शुल्क वसूल झाले, असे मी समजतो.

तिसऱ्या संध्याकाळबद्दल तक्रार आहे. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या संस्थेचे अंदाजपत्रक आवर्ती (दरवर्षीचे) आणि अनावर्ती (एकदाचे) अशा दोन भागांत मांडायचे होते, परंतु सुरुवातीचा तास मागील दिवसाच्या शंकांत गेला आणि तपासणी चार-पाच जणांचीच झाली. माझा कागद तसाच पिशवीतून परत आला. वाटलेल्या तक्त्यांची छपाईही इतकी फिकट होती की बेरजेचे रकाने अंदाजाने वाचावे लागले. हिशेबाच्या वर्गात हे शोभत नाही. चहा मात्र उत्तम होता, आणि वेळ सायंकाळी साडेसहाची असल्याने नोकरदारांना सोयीची आहे.

ज्यांना केवळ धर्मादाय आयुक्तांकडे भरायचे नमुने शिकायचे आहेत, त्यांनी दुसरीकडे जावे. येथे त्यांना वीस मिनिटांपेक्षा अधिक काही मिळणार नाही. पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे. आमच्या सहचिटणिसांचे नाव मी नोंदवले असून, आपले अंदाजपत्रक पहिल्याच दिवशी सरांच्या हाती द्या, असे त्यांना बजावून ठेवले आहे.