शिकारीचा परवाना महाग करायचा की विक्रीकर लावायचा?

अमेरिकेत राज्याचं वन्यजीव खातं परवान्याची आणि टॅगची फी वाढवू म्हणालं की शिकाऱ्यांत हमखास दोन तट पडतात. टॅग म्हणजे एका प्राण्यापुरती परवानगी. हरीण पडलं की त्यावर तारखेची खूण करून तो तिथेच प्राण्याला बांधायचा.

फीवाढीच्या बाजूने मोठा मुद्दा असा की तो पैसा खात्याकडेच राहतो. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरच्या करातला वाटा राज्याला हवा असेल, तर परवान्याचे पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत. पण हाच वाटा ठरवताना परवानाधारकांची संख्याही मोजतात. म्हणजे परवाना महागल्याने माणसं गळाली, तर खात्याला दुहेरी फटका. आयडाहोने २०१७मध्ये फी वाढवताना दरवर्षी परवाना घेणाऱ्या स्थानिकांना जुनाच दर ठेवला, ते मला फार शहाणपणाचं वाटतं.

दुसरी वाट मिसुरीची. तिथल्या मतदारांनी १९७६मध्ये विक्रीकर मंजूर केला: शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेबारा सेंट, फक्त निसर्गसंवर्धनासाठी. पक्षी बघणारा, नुसता जंगलात फिरणारा, सगळेच भरतात. महागाईबरोबर रक्कम आपोआप वाढते. परवाना तिथेही लागतोच, पण सगळा भार त्यावर नाही. मंदीत विक्री घटली की उत्पन्नही घटतं, आणि गरिबाच्या खरेदीवरही तो बसतो, हे खरं.

तरी माझं मत मिसुरीकडे. जंगल सगळ्यांचं आहे, तर खर्च एकट्या शिकाऱ्याने का उचलायचा?