गिम्प 3 ची टेक्स्ट आउटलाइन आणि शिरोरेषेतल्या उभ्या रेघा: आठ-नऊ महिने वापरल्यावर

गिम्प हे फोटो आणि डिझाइनचं फुकट सॉफ्टवेअर मी 2.10 आवृत्तीपासून वापरतोय. सोसायटीचे बॅनर, बारशाच्या पत्रिका, भावाच्या खानावळीचं मेनूकार्ड, सगळं त्यातच करतो. दर महिन्याला फोटोशॉपचे पैसे भरावेत एवढं काम माझ्याकडे नाही, आणि फुकटात होतंय तर खिशात हात का घालायचा. म्हणून मार्च 2025 ला 3.0 आलं आणि टेक्स्ट टूलमध्येच आउटलाइन, म्हणजे अक्षरांभोवतीची रंगीत बॉर्डर, दिसली तेव्हा खरंच आनंद झाला होता, कारण आधी त्या एका बॉर्डरसाठी अल्फा टू सिलेक्शन करा, ग्रो करा, खाली नवीन लेयर (थर) घ्या, रंग भरा, आणि एवढं सगळं झाल्यावर सेक्रेटरी काकूंचा फोन येणार की अरे वेळ बदलली, सहाऐवजी साडेसहा कर, की परत पहिल्यापासून सुरू.

नव्यात स्टाइलमध्ये जाऊन 'आउटलाइन्ड अँड फिल्ड' निवडलं, रंग आणि जाडी दिली की झालं, अक्षरं नंतर कधीही बदला. पहिले दोन-तीन महिने मी ज्याला त्याला हेच सांगत होतो.

मग श्रावणात सत्यनारायणाचा फ्लेक्स केला. सहा बाय तीन फूट, पिवळी अक्षरं, मरून रंगाची आउटलाइन. पूर्ण बॅनर स्क्रीनवर बसवला की झूम वीस टक्क्यांवर येतो, त्यात सगळं छान दिसत होतं. गेटवर लावला आणि जवळ जाऊन बघतो तर शिरोरेषेत प्रत्येक जोडावर उभी मरून रेघ! 'महापूजा' शब्दात म सुटा, ह सुटा, त्याचा काना सुटा, प च्या दांड्यातून उकाराची रेघ आरपार गेलेली. शिरोरेषा म्हणजे अख्ख्या शब्दाला धरून ठेवणारी एक सलग रेघ, तिचेच तुकडे पडले तर ते मराठी दिसतच नाही. छपाईवाल्याशी वाद घातला, पण तो म्हणाला फाइलच तशी आहे, आणि तशीच होती. परत छापायचे 270 रुपये गेले आणि तो दिवस वाईट गेला.

कारण नंतर कळलं. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं, काना-उकारसुद्धा वेगळे असतात, आणि हे तुकडे एकमेकांवर जरासे चढवलेले असतात म्हणून आपल्याला सलग दिसतं. टेक्स्ट टूल मात्र प्रत्येक तुकड्याच्या कडेनं वेगळी रेघ मारतं. इंग्रजीत अक्षरं सुटीच असतात त्यामुळे तिथे हे दिसत नाही. शिवाय 3.0 मध्ये ती रेघ कडेच्या बरोबर मध्यावर बसते, म्हणजे 12 पिक्सेल दिली तर 6 आत जाते आणि अक्षर तेवढं बारीक होतं. मुक्ता फॉन्टचं साधं वजन (जाडी) घेतलं तर आतला पिवळा रंग नावालाच उरतो.

पहिला उपाय, टेक्स्ट लेयरची कॉपी करायची, खालच्या लेयरला आउटलाइन दुप्पट जाडीची, वरची नुसती भरलेली, म्हणजे जोड झाकले जातात. दिसतं उत्तम, पण मजकूर दोन ठिकाणी बदलावा लागतो, आणि एकदा वरची तारीख बदलून खालची राहिली, बरं तर बरं छापायच्या आधी दिसलं. तेव्हा ठरवलं होतं की परत 2.10 टाकायचं.

पण गणपतीच्या बॅनरच्या वेळी सावली द्यायला ड्रॉप शॅडो हा फिल्टर उघडला, त्यात ग्रो रेडियस (सावली किती फुगवायची तो आकडा) दिसला आणि डोक्यात आलं की सावली हलवलीच नाही तर? एक्स शून्य, वाय शून्य, ब्लर शून्य, ओपॅसिटी 1, ग्रो रेडियस 8, रंग मरून. टेक्स्टची स्टाइल परत साधी 'फिल्ड'. आणि काय सांगू, सलग शिरोरेषा, एकही जोड नाही, आउटलाइन पूर्ण बाहेरच्या बाजूला! हा फिल्टर अक्षरांचे तुकडे बघतच नाही, लेयरवर एकूण जो आकार दिसतोय तेवढाच फुगवून मागे ठेवतो. फिल्टर 2.10 मध्येही होता, पण लावला की मजकूर गोठायचा. 3 मध्ये लेयरच्या शेजारी एफएक्सची खूण येते, फिल्टर तसाच राहतो आणि खालचं टेक्स्ट बदलता येतं, एक्ससीएफमध्ये (गिम्पच्या स्वतःच्या फाइलमध्ये) सेव्हही होतं. त्या संध्याकाळी काकूंनी तीनदा वेळ बदलली, तिन्ही वेळा अर्ध्या मिनिटात काम झालं.

दोन गोष्टी सांभाळा. मोदक फॉन्टसारखी गुबगुबीत अक्षरं असतील तर रेडियस कमी ठेवा, नाहीतर आतल्या फटी बुजून जातात. आणि 7200 बाय 3600 च्या फाइलवर माझा 8 जीबीचा लॅपटॉप प्रत्येक अक्षराला अडकतो, म्हणून टाइप करताना एफएक्समधला डोळा बंद करतो, झालं की चालू.

टेक्स्ट टूलच्या आउटलाइनला मी देवनागरीसाठी आता हात लावत नाही. तुकडे आधी एकत्र करून मग रेघ मारायची एवढी एक सोय त्यात द्यायला हवी, हिंदी-नेपाळीवाल्यांचंही हेच दुखणं असणार. तोवर छपाईला देण्याआधी झूम शंभर टक्के करून शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघून घ्या.