बीआरसीची दिव्यांग विद्यार्थी सेवा: यंत्र मिळतं, पुढचं कोण बघतं?

सातारा जिल्ह्यात 11 तालुके, सांगलीत 10. प्रत्येक तालुक्याला गटसाधन केंद्र, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं बीआरसी. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून दिव्यांग मुलांसाठी जे काही येतं ते शाळेपर्यंत याच दारातून पोचतं: विशेष शिक्षकाच्या भेटी, मोजमाप शिबिर, श्रवणयंत्र, खुर्ची, ब्रेल पाटी, भत्ते, घरी येऊन शिकवणं. पालकाला त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. फुकट आहे म्हणून कोणी फारसं काही विचारत नाही, आणि हक्काचं असलेलंही अर्धवट घेऊन लोक घरी जातात. म्हणून हे परीक्षण.

निकाल आधीच सांगून टाकतो. साहित्य मिळवण्यासाठी ही सेवा पाचपैकी चार. मिळालेलं साहित्य वर्गात रोज चालू ठेवण्यासाठी पाचपैकी दोन. हे दोन गुण वाढवायचे असतील तर ते काम शाळेतच करावं लागतं, आणि ते फार अवघड नाही.

सुरुवात नोंदीपासून. मुलाची अडचण वर्गशिक्षकाच्या लक्षात येते, किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा कळते. शिक्षकांसाठी एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ हे ॲप आहे. त्यातली प्रश्नावली भरली की पुढे कोणाकडे पाठवायचं याचा अंदाज येतो. ते निदान नव्हे, चाळणी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार धरलेत, त्यात अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही आल्या. इथे एक गैरसमज घट्ट बसलाय की प्रमाणपत्र आल्याशिवाय शाळेला काही करता येत नाही. प्रवेशाला आणि वर्गातल्या मदतीला प्रमाणपत्र लागत नाही. भत्ते, साहित्याच्या काही योजना आणि बोर्डाच्या सवलती यांना लागतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पांढरं असेल तर दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या खाली, पिवळं असेल तर 40 ते 79, निळं असेल तर 80 आणि पुढे. कार्ड अडकण्याचं नेहमीचं कारण वैद्यकीय नसतंच. आधारवर नाव एक, शाळेच्या जनरल रजिस्टरला दुसरं, एवढ्यावर अर्ज लटकतो. शिबिराच्या तारखेआधी मुख्याध्यापकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले तर पालकांची एक फेरी वाचते. आणि प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत वहीत लिहून ठेवा. ती संपल्याचं बहुतेकदा दहावीचा फॉर्म भरतानाच कळतं.

आता श्रवणयंत्र. या सेवेतली सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात जास्त वाया जाणारी वस्तू हीच. वाटपाच्या दिवशी फोटो निघतो, आणि बऱ्याच घरांत महिन्याभरात यंत्र कपाटात जातं. कारणं ठरलेली असतात. पहिलं कारण कानातला साचा, म्हणजे यंत्राचा कानाच्या मापाने बनवलेला, आत बसणारा भाग. मूल वाढतं तसा कान वाढतो, साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारतं. शिट्टी बंद व्हावी म्हणून कोणीतरी आवाज कमी करतं. मग यंत्र कानावर असतं, पण मुलाला ऐकू काही येत नाही. यावर उपाय एकच, साचा नवीन करणं. लहान मुलांना तो साधारण दर सहा महिन्यांनी ते वर्षाने लागतोच. शिबिरात यंत्र घेतानाच विचारून ठेवा की पुढचा साचा कुठे आणि कोणाच्या खर्चाने.

दुसरं कारण बॅटरी. या बॅटऱ्या हवेवर चालतात. मागचं रंगीत स्टिकर काढलं की एखादा मिनिट तशीच ठेवायची आणि मग घालायची. नारिंगी स्टिकर म्हणजे 13 नंबर, निळं म्हणजे 675. जास्त ताकदीच्या यंत्राला 675 लागते. 13 नंबरची बॅटरी दिवसभर यंत्र वापरलं तर आठवडा ते दोन आठवडे चालते, म्हणजे वर्षाला पंचवीस-तीस तरी लागणार, त्याही एका कानाच्या. वाटपात मिळालेलं पाकीट संपलं की गाडी अडते, कारण गावातल्या मेडिकलमध्ये ही बॅटरी बहुधा नसते. सातारा, कराड, सांगली, मिरजेकडे कोणी जाणार असेल तेव्हा एकदम आणून ठेवायची, पण वर्षाची नाही, दोन-तीन महिन्यांची. जुनी बॅटरी लवकर मान टाकते. तिसरं कारण पाऊस. महाबळेश्वर, जावळी, पाटणला जून ते सप्टेंबर साच्याच्या नळीत पाण्याचे थेंब धरतात आणि आवाज तुटतो. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवलं की बराचसा त्रास जातो.

शाळेने रोज करायचं काम दोन मिनिटांचं आहे. परिपाठाआधी शिक्षकाने मुलापासून एक मीटरवर उभं राहून, तोंडापुढे कागद धरून सहा आवाज काढायचे: आ, ई, ऊ, म, श, स. मुलाने ऐकलेला आवाज म्हणून दाखवायचा, किंवा ऐकू आला की डब्यात मणी टाकायचा. क्रम रोज बदलायचा, नाहीतर मूल पाठ करतं. कागद ओठांपासून जरा लांब धरा. टेकवला तर स आणि श तिथेच दबतात. सहाही आवाज गेले तर बॅटरी बघा. एरवी येणारे श आणि स आज आले नाहीत, तर आधी नळी आणि साच्याचं भोक मळाने बुजलंय का बघा. एवढं कळलं तर शिक्षकाला ‘आज लक्ष देत नाही’ असा शेरा मारावा लागत नाही. ही चाचणी रोज होते का, हा आमच्या लेखी शाळा तपासण्याचा पहिला प्रश्न. रॅम्प नंतर.

रॅम्पबद्दल थोडक्यात. नियम 1:12 चा, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी. शाळेचा ओटा 45 सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प 5.4 मीटर लांब हवा. बऱ्याच ठिकाणी जागा नाही म्हणून तो निम्म्यात उरकलेला दिसतो. अशा चढावर चाकाची खुर्ची ढकलायला दोन मोठी माणसं लागतात, उतरताना तर धोकाच. रॅम्प संपतो तिथे वर्गाच्या दाराचा उंबरा असेल तर सगळंच मुसळ केरात. स्वच्छतागृहाचं दार 90 सेंटिमीटर रुंद आहे का आणि ते आत उघडतं की बाहेर, हेही टेप घेऊन बघा. आत उघडणारं दार खुर्ची आत गेल्यावर लागतच नाही.

सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालीवर नीट ताबा नसलेल्या, मुलाला मिळणारी खुर्ची चांगल्या बांधणीची असते, पण बसवण्याची तऱ्हा कोणी दाखवत नाही. कंबर, गुडघा आणि घोटा तिन्ही ठिकाणी काटकोन, पाऊल सपाट टेकलेलं, टेबल कोपराच्या उंचीचं. पाय लोंबकळले की मूल पुढे घसरतं, घसरलं की पट्टा आवळला जातो, आणि मग पेन्सिल धरायची ताकद स्वतःला सावरण्यातच जाते. पायाखाली लाकडी फळी किंवा जुन्या वह्यांचा घट्ट बांधलेला गठ्ठा दिला तरी अक्षरात फरक दिसतो. खुर्ची दर सत्राच्या सुरुवातीला नव्याने जुळवायची असते. ते बहुतेक ठिकाणी राहून जातं.

अंधुक दिसणाऱ्या मुलासाठी मोठ्या अक्षरांची मागणी असते. ए4 चं पान ए3 वर काढलं की 12 पॉइंटचं अक्षर 17 च्या आसपास जातं. मात्र बालभारतीच्या रंगीत पानाची काळी-पांढरी झेरॉक्स मातेरं होते. त्यापेक्षा बालभारतीच्या संकेतस्थळावरची फुकट पीडीएफ टॅबवर मोठी करून दाखवावी. जाड काळ्या रेघांची वही, मऊ 2बी पेन्सिल, पुस्तक टेकवायला तिरका पाट, आणि खिडकी मुलाच्या पाठीमागे किंवा बाजूला, समोर कधीच नाही.

आता या सेवेचा कणा, विशेष शिक्षक. केंद्र सरकारच्या निकषाप्रमाणे प्राथमिकला 10 मुलांमागे एक आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. महाराष्ट्राने 2024 मध्ये केंद्रशाळेगणिक (आसपासच्या शाळांच्या गटाची मुख्य शाळा) एक धरून 4860 पदांचा निर्णय घेतला. केंद्रशाळेला एक म्हटलं तरी एका माणसाकडे त्या गटातल्या सगळ्या शाळा. तेव्हा भेट महिन्यातून कितीदा होते यापेक्षा भेटीत काय होतं ते बघावं. वाया गेलेली भेट ओळखायची खूण अशी: मुलाला व्हरांड्यात बाजूला घेऊन चित्र रंगवायला दिलं, भेट रजिस्टरला सही झाली, चहा झाला. चांगल्या भेटीत विशेष शिक्षक वर्गातच बसतात, चालू धड्यात या मुलाने नेमकं काय करायचं ते वर्गशिक्षकाला दाखवतात, आणि पुढच्या भेटीपर्यंतचं काम लिहून जातात.

ते काम वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, म्हणजे आयईपीत उतरायला हवं. ‘वाचन कौशल्य सुधारणे’ हे वाक्य आयईपीत दिसलं की समजावं, कागद फाइलसाठी आहे. हेच वाक्य तिसरीच्या स्वमग्न मुलीला आणि सहावीच्या बौद्धिक अक्षम मुलाला सारखंच चिकटवलेलं आढळतं. कामाचं उद्दिष्ट असं असतं: ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कमळ, गवत, बदक असे काना-मात्रा नसलेले तीन अक्षरी शब्द, 10 पैकी 8, मदतीशिवाय.’ यात मुदत आहे, मोजमाप आहे, आणि कोणाही शिक्षकाला तपासता येतं.

गणिताचं एक उदाहरण घेऊ. मूल 27 आणि 15 ची बेरीज 312 लिहितं. शिक्षक लाल रेघ मारून ‘हातच्याचा सराव द्या’ लिहितात. पण मुलाची बेरीज कच्ची नाही. 7 आणि 5 बारा बरोबर, 2 आणि 1 तीन बरोबर. चुकतंय ते दशक आणि एककाचं घर. सरावाच्या पन्नास गणितांनी ही चूक पक्की होते. इथे मागे जाऊन काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायला हवेत, बारा सुट्या काड्यांतून एक गठ्ठा मुलाच्या हाताने बांधून तो दशकाच्या घरात सरकवायला हवा. मग वहीत दोन रंगांच्या उभ्या चौकटी आणि पानावर एकच गणित. विशेष शिक्षकाचं खरं काम ही चूक शोधणं. ते करणारी माणसं दोन्ही जिल्ह्यांत आहेत आणि त्यांच्यामुळेच आम्ही दोनचा एक गुण केला नाही.

घरी येऊन शिकवण्याच्या सेवेला मात्र भूगोल आडवा येतो. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या वाड्यांना लाँचवर भरवसा ठेवावा लागतो, पाटणच्या डोंगरात पावसाळ्यात रस्ता बंद होतो, तर माण, आटपाडी, जतमध्ये वस्त्या रानोमाळ विखुरलेल्या. भेट चुकणार हे धरूनच घरच्यांना एकच काम शिकवून घ्यावं, पाच नाही. बटण लावणं शिकवायचं तर शेवटची पायरी आधी: आईने बटण अर्धं काजात घालायचं, मुलाने ओढून पूर्ण करायचं. ते जमलं की एक पायरी मागे. जत सीमेवरच्या कन्नड माध्यमाच्या शाळांत मराठी चित्रकार्डांचा उपयोग नाही, मुलाच्या भाषेत शब्द लिहून घ्या. आणि ऊसतोडीला आलेल्या कुटुंबात असं मूल असेल तर त्याच्या शिक्षण हमी कार्डाला (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत दाखवायला मिळणारं कार्ड) आयईपीची झेरॉक्स टाचा. नाहीतर गळीत संपून गावी गेल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

भत्त्यांचं फार लिहिण्यासारखं नाही. मुलींना प्रोत्साहन भत्ता महिना 200 रुपयांप्रमाणे 10 महिने, शिवाय पात्रतेनुसार प्रवास आणि मदतनीस भत्ता. रक्कम थेट खात्यात येते. खातं आधारशी जोडलेलं नसेल किंवा केवायसी संपलं असेल तर येत नाही. जूनमध्येच बँकेत विचारून घ्या.

राहिली दहावी-बारावी. दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाखाली येतात. तासाला 20 मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. गरज असेल तिथे खालच्या इयत्तेतला लेखनिक, म्हणजे मूल सांगेल ते लिहिणारा विद्यार्थी. प्रस्ताव शाळेमार्फत जातो, त्याला अधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तपासणीची गाठ नववी सुरू होतानाच घालावी. लेखनिक मिळाला की काम झालं असं समजू नका. ज्या मुलाने कधी उत्तर तोंडी सांगितलेलं नाही त्याला विरामचिन्हं, परिच्छेद, भूमितीची आकृती हे सगळं दुसऱ्याला सांगता येत नाही. ‘त्रिकोण काढ’ म्हटलं की लेखनिक कसाही काढतो. ‘पायाला क्यूआर नाव दे, क्यू डावीकडे, वरच्या बिंदूला पी, पीपासून पायावर लंब टाक, तो मिळतो तिथे एस’ असं एकेक करून सांगावं लागतं. नववीच्या सहामाहीपासून प्रत्येक घटक चाचणी लेखनिकासोबत आणि जादा वेळ धरून घ्या, आणि लेखनिक ऐनवेळी आजारी पडेल हे गृहीत धरून दुसऱ्या मुलालाही त्याच सरावाला बसवा.